जुनी खूण

नागपूरहून येताना ठाणा पेट्रोलपंप मागे पडला की शहापूर येतं. येतं म्हणायचं ते सवयीनं. बसमधली माणसं तोवर भंडाऱ्याला उतरायच्या तयारीला लागलेली असतात आणि गाव खिडकीतून निघून जातं. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, मधून धावणारा महामार्ग, बाकी सगळं धान. डिसेंबर सरता सरता पुंजणे चुरून झालेले असतात, बांध्यांत धसकटं उरतात, आणि संध्याकाळी दवात भिजलेल्या तणसीचा वास ट्रकांच्या धुराला पुरून उरतो.

या रस्त्यावर टायरचं काम करणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे. वय पस्तिशीच्या आसपास. बालपण ‘संस्थेत’ गेलं. तो अनाथाश्रम म्हणत नाही, बालगृह म्हणत नाही. त्याच्यासारखे बहुतेकजण संस्थाच म्हणतात. कोणती ते सांगतो, पण लिहू नका म्हणतो.

त्याच्या उजव्या भुवईत एक खूण आहे, तिरपी, केस न उगवणारी. मी सहज विचारलं, ही कशाची? तो हसला. “मले काय माहीत, भाऊ? लहानपणी पोरं विचारत तर मी सांगो का बैलानं मारलं. मोठा झालो तर सांगो, गाडीवरून पडलो. बायकोले तिसरंच सांगितलं.”

मला माझा गुडघा आठवला, आणि मी त्याला ती गोष्ट सांगितली. तिथंही एक वण आहे. तो कशाचा हे मला आठवत नाही, पण माहीत आहे, कारण आई दर दिवाळीला सांगते: मी उखळावर चढलो होतो. मोठा भाऊ म्हणतो उखळ नव्हे, जातं. आत्या म्हणते दोन्ही खोटं. भांडण दरवर्षी नव्यानं होतं आणि मी मध्ये बसून पोहे खातो. आपलं बालपण आपण आठवत असतो असं आपल्याला वाटतं. त्यातलं अर्धंअधिक दुसऱ्यांनी आठवून दिलेलं असतं.

संस्थेतल्या मुलाला हे भांडण मिळत नाही. माणसं होती, नाही कशी? चांगलीही होती. एक मावशी तापात रात्रभर उशाशी बसायची, असं तो सांगतो. पण मावशीची बदली झाली, अधीक्षक निवृत्त झाले, सोबतची पोरं अठरा वर्षांची झाली तशी एकेक करून निघून गेली. त्याला आठवतं ते सगळ्यांचं मिळून आठवणं: घंटा, ओळ, ताटावर कोरलेला आकडा, भेटीच्या रविवारी फाटकाकडं बघत बसणं. फक्त त्याचं असं फार थोडं.

अशा मुलांची सोय करायची आपली परंपरा जुनी आहे आणि अभिमान वाटावा अशी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथं जन्मलेल्या यशवंताला त्यांनी आपलं नाव दिलं. पंढरपूरचं बालकाश्रम 1875 चं. नाव देणं ही मोठी गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग मुलांच्या नावापुढं स्वतःचं नाव लावलं, आणि अठरा वर्षं झाली म्हणून त्यांना बाहेर काढू नका, असा आग्रह वर्षानुवर्षं धरला. कायद्याच्या लेखी अठराव्या वर्षी मूल संपतं. पुढं अनुरक्षण गृह आहे, तेही साधारण एकविसापर्यंत. 2018 पासून महाराष्ट्रात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे. ते मिळायला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला कागद लागतात. म्हणजे फिरून पुन्हा संस्थेच्या कपाटापाशी.

ऑस्ट्रेलियात अशा पाच लाखांवर मुलांना ‘विस्मृतीत गेलेले’ असं नाव मिळालं. 2009 च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी संसद भवनात त्यांची माफी मागितली. प्रौढ झालेल्या त्या माणसांची एक मागणी साधी होती: आमची फाइल आम्हाला बघू द्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती किरकोळ वाटली होती. एवढं सोसून फक्त कागद?

24 जानेवारी 2025 ला सकाळी निर्माणीत स्फोट झाला. आठ कामगार गेले. शहापुरात कोणालाही विचारा, तेव्हा तो कुठं होता, काय करत होता, हातात काय होतं, सगळं सांगेल. एकजण चुकला तर दुसरा दुरुस्त करील. त्या दिवसाबद्दल आम्ही दुकानात बोलत होतो. तो टायरमधून खिळा काढता काढता म्हणाला, “ह्या आठवणीले साक्षीदार आहेत, भाऊ.”

मी काही बोललो नाही. बाहेर ट्रक जात होते.

मग त्यानंच सांगितलं. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांमागं तो संस्थेत गेला होता. तिथल्या बाईंनी धूळ झटकून रजिस्टर काढलं आणि त्याचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. जन्मतारीख 1 जून. शाळेत घालताना मास्तर अंदाजानं टाकतात तीच. वय अंदाजे चार. पिवळा सदरा, चप्पल नाही. खाली ओळखीच्या खुणेचा रकाना.

“काय होतं त्यात?”

“उजव्या भुवईवर जुनी खूण.” त्यानं हात पुसले. “जुनी. म्हणजे मी तिथं गेलो तेव्हाच जुनी होती ना ते.”

खिळा त्यानं डब्यात टाकला. डब्यात असे पुष्कळ होते. टायर पाण्यात बुडवून तो बुडबुडे बघत राहिला, आणि मला विचारलं, “तुमच्या गुडघ्याचं काय झालं मग, उखळ का जातं?”