मनगटाची दोरी

आमचे धाकटे चिरंजीव विलायतेत नोकरीला आहेत. तिथे सुटीच्या दिवशी ते ‘स्पीडवे’ खेळतात. म्हणजे काय, तर मातीच्या गोल धावपट्टीवर मोटारसायकलींची चार फेऱ्यांची शर्यत. गाडी ५०० सीसीची, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही! हे ऐकल्यापासून आमच्या सौभाग्यवती देव पाण्यात घालून बसल्या आहेत.

पण त्या गाडीला एक दोरी असते. तिचे एक टोक स्वाराच्या मनगटाला, दुसरे इंजिनाच्या कळीला. स्वार पडला की दोरीला हिसका बसतो, ठिणगी तुटते आणि इंजिन बंद पडते. नाहीतर ती पिसाळलेली गाडी त्याच्याच अंगावर यायची!

हेल्मेटमागेही अशीच कुणाची तरी काळजी आहे. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी अशा अपघातांचा अभ्यास केला आणि हेल्मेटने जीव वाचतो, हे १९४१ साली लिहून दाखवले.

आईबापांच्या मायेचीही दोरीच असते. पण ती मुलाला दाराशीच अडवू पाहते. ही दोरी बिचारी त्याला कुठेही अडवीत नाही. पडण्याच्या क्षणापुरती ती जागी असते, एवढेच. म्हणून हल्ली फोनवर मी “जाऊ नकोस” म्हणत नाही.

“दोरी नीट बांधतोस ना रे?” एवढेच विचारतो.