झावळ्यांचा मांडव

कोजागिरीला लोक गच्चीवर दूध आटवतात. मी मात्र त्या सुमारास अलिबागेतल्या आमच्या परसात नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालतो. शेजारी आता काही विचारीत नाहीत. पहिल्या वर्षी एकाने विचारले होते, "लग्न कुणाचं?"

लग्न नव्हे, मंडपांचा सण. मिसरातून सुटलेले इस्राएल लोक रानात खोपटांतून राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात राहावे, असे लेवीयाच्या पुस्तकात सांगितले आहे. सण पौर्णिमेला बसतो. २०२४ साली त्याने १६ ऑक्टोबरला नेमकी कोजागिरीच गाठली.

माझी आई इथल्या इस्रायल आळीतली, बेने इस्रायल, वडील ख्रिस्ती. येशू हाच मशीहा, ही माझी श्रद्धा. पण तो स्वतः या सणाला यरुशलेमेस गेला होता, हे योहानाच्या शुभवर्तमानात वाचले आणि आईने लग्नानंतर सोडलेला सण मी चाळिशीत पुन्हा धरला. तेव्हापासून दोन्हीकडची बोलणी खातो. आमचे पाळक म्हणतात, ख्रिस्त आल्यावर या जुन्या सणांचे काय काम? मावशी त्याहून थोडक्यात आटोपते : "मांडव आमचा, नवरदेव तुमचा!"

तिचे चुकते असे मला म्हणवत नाही. तिच्या पूर्वजांनी या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा. पण त्या विद्येने ही मंडळी आपल्याच शास्त्राला अधिक घट्ट बिलगली. हे सांगताना मावशी पदराआड हसते. इतक्या चिवटपणे राखलेले मी आयते उचलतो, आणि वर त्यात तिला नको असलेले नाव आणून बसवतो.

सात वर्षे ती मांडवात आली नाही. त्या वर्षी मात्र शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर, काठी टेकीत आली. हातात पितळी डबा, डब्यात नारळाच्या दुधातला हलवा. बसली. हिब्रूतून आशीर्वाद म्हणाली. मी आमेन म्हटले. मग मी येशूच्या नावाने प्रार्थना केली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. आमेन काही म्हणाली नाही. तोंडदेखले म्हणाली असती तर मला अधिक लागले असते.

हलवा खाऊन झाल्यावर तिने वर पाहिले.

"छप्पर फार दाट घातलंस रे. खालून चांदणं दिसायला हवं. तुझ्या आईला ठाऊक होतं."

मी स्टूल आणले, आणि ती काठीने दाखवील त्या त्या झावळ्या काढू लागलो.