खोडलेल्या तीन ओळी

दरवर्षी जुलैत माझ्या टेबलावर निबंधवह्यांचा गठ्ठा येतो. विषय ठरलेला : 'पावसाळ्यातील एक दिवस'. वह्या दमटलेल्या असतात, काहींची शाई फुटलेली असते. पहिली वही उघडली की चातक भेटतो, दुसरीत मोर, तिसरीत पुन्हा चातक. हिरवा शालू नेसलेली धरती तर जवळजवळ सगळ्यांकडे. ही मुलं त्याच सकाळी दप्तर छातीशी धरून, भिजत शाळेत आलेली असतात. पण तो पाऊस काही वहीत उतरत नाही.

यंदा आठवीतल्या एका मुलीच्या वहीत तीन ओळी खोडलेल्या दिसल्या. वही उजेडाकडे तिरकी धरली, तेव्हा वाचता आल्या. 'आमच्या घरात तीन ठिकाणी गळतं. आई तिथे पातेलं, घमेलं आणि तांब्या ठेवते. तिन्हींचा आवाज वेगवेगळा येतो.'

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. "हे का गं खोडलंस?"

"बाई, ते निबंधात बसत नाही."

तिचं ते उत्तर दिवसभर माझ्या मनात राहिलं. प्रस्तावना, मध्य, समारोप असे तीन कप्पे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आखून देत आले. कप्पे चुकीचे नाहीत. पण ते आधी दिले की मूल त्यात मावेल एवढंच आठवतं, आणि उरलेलं खोडून टाकतं.

'निबंध' या शब्दातच बांधणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली मासिक काढलं, त्याचं नाव 'निबंधमाला'. तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतलं बहुतेक लेखन त्यांचं एकट्याचं. तिकडे फ्रान्समध्ये मोंतेन्यने १५८० साली आपल्या लेखांना जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'करून पाहणं'. शाळेतल्या निबंधाला दोन्ही हवं : आधी करून पाहणं, मग बांधणं. फुलं वेचून आणल्यावरच दोरा हातात घ्यायचा असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर कप्पे आखले नाहीत. कोकणातलं जुनं घर काढलं. पुढे ओटी, आत माजघर, मागे परसदार.

ओटीवर आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो, घराण्याचा इतिहास सांगत बसत नाही. निबंधाची सुरुवातही तशीच करावी, वाचणाऱ्याच्या हातात लगेच काहीतरी द्यावं. ऐकू येणारं, दिसणारं, एवढंसं का होईना. 'पावसाळा सर्वांना आवडतो' या वाक्याने कुणाच्याच हातात काही पडत नाही.

माजघरात खरा संसार असतो. तिथे मुद्दे हवेत, पण एका परिच्छेदात एकच. आणि प्रत्येक परिच्छेदाचं दार पुढच्यात उघडावं, नाहीतर वाचणारा अंधारात चाचपडत राहतो. त्यांचा क्रम विषयालाच विचारावा. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिलं ते महिन्यांच्या क्रमाने. वर्षाचीच चाल त्यांनी पुस्तकाला दिली. पावसाच्या एका दिवसाचा क्रम कदाचित रात्रीपासून पहाटेपर्यंतचा असेल. 'माझी आजी' लिहायचं तर तो तिच्या ट्रंकेतल्या वस्तूंचा असू शकतो, वरच्या लुगड्यापासून तळाच्या कागदांपर्यंत.

शेवट म्हणजे परसदार. तिथून बाहेर पडलं की विहीर दिसते, आभाळ दिसतं. 'असा हा पावसाळा मला फार आवडतो' असं लिहिलं की तिथे भिंत उभी राहते. आत जे पाहिलं, ते बरोबर घेऊन वाचणाऱ्याला मोकळ्यावर सोडावं.

मग मुलांना म्हटलं, वहीच्या मागच्या पानावर फक्त आठवेल ते लिहा. वाक्यं जुळवू नका. दहा मिनिटं वर्गात पेनांची खसखस आणि बाहेर पन्हळीची धार, एवढेच आवाज होते. कुणी लिहिलं, ओल्या मोज्यांचा वास. कुणी, खताच्या रिकाम्या गोणीची केलेली खोळ. एकाने, बंद पडलेली एसटी आणि ढकलणारे काका. चातक कुठेच नव्हता.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहून आणला. सुरुवात त्या खोडलेल्या ओळींनीच केली होती. पातेल्याचा टणटण, घमेल्याचा बद्द, तांब्याचा टुपटुप. मग रात्र : अंथरूण कोरड्या कोपऱ्याकडे सरकवत गेलेली चौघं. मग वडील : मे महिन्यात कौलं परतायची राहिली म्हणून गप्प बसलेले. मग ती स्वतः : भांडी भरत आली की आवाज कसे बदलतात, ते अंधारात ऐकणारी. प्रत्येक परिच्छेदाला आपली जागा मिळाली होती, आणि ती मी आखून दिलेली नव्हती.

शेवट तिने असा केला होता : 'पहाटे पाऊस थांबला. आईने तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. घमेलं अंगणात रिकामं केलं. पातेलं घासलं आणि त्यातच चहा ठेवला.'

मी लाल पेन हातात घेतलं, आणि समासात कुठेही खूण न करता खाली सही केली.