जांबचा मांडव, जालन्याची बॅट

लोणावळा, अलिबाग, फार तर महाबळेश्वर... आपल्या वीकेंडची गाडी याच्या पुढे सरकतच नाही! या वेळी मी थेट जालना गाठलं आणि तिथून जांब समर्थ. कारण? नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्याला वर्ष झालं होतं आणि घरून रोज एकच प्रश्न यायचा, ‘पुढे काय?’ म्हटलं, महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला ‘पळालेला मुलगा’ ज्या गावचा, ते गाव तरी बघून येऊ.

घनसावंगी तालुक्यातलं हे छोटंसं गाव. १६०८ च्या रामनवमीला इथे ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ ऐकलं आणि स्वारी मांडवातून पसार! नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं देशभर पायपीट. चोवीस वर्षांनी तो घरी आला तेव्हा रडून रडून आईची दृष्टी गेली होती, असं सांगतात. राममंदिरात बसून मी हिशेब करत होते. आज आपण त्यांना समर्थ रामदास म्हणतो. पण पाचव्या-सहाव्या वर्षी राणूबाईंना कुणी ‘पोरगा काय करतो?’ विचारलं असेल, तर त्या काय म्हणाल्या असतील?

बाहेर पोरांचं क्रिकेट रंगलं होतं. एक डावखुरा चांगलाच ठोकत होता. चहावाले काका म्हणाले, “आमच्या जालन्याचा विजय झोल माहीत हाय का ताई? साडेचारशे मारले व्हते त्यानं!”

काका थापा मारत नव्हते. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून विजयनं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा कुटल्या होत्या. २०१२ मध्ये युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१३ मध्ये प्रथमश्रेणी पदार्पणातच त्रिपुराविरुद्ध नाबाद २००! जानेवारी २०१४ मध्ये तो कॅप्टन असताना भारतानं युवा आशिया चषक जिंकला. शारजातल्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध त्यानं आणि संजू सॅमसननं शतकं ठोकली. एकदम सुसाट!

मग पुढच्याच महिन्यात युवा विश्वचषकात क्वार्टर फायनलला इंग्लंडनं हरवलं. त्याच वर्षी आयपीएलच्या बंगळुरू संघानं त्याला घेतलं, पण तिथे फारशी संधी मिळाली नाही. त्याच्या हाताखाली खेळलेले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढे भारताकडून खेळले. कॅप्टनला मात्र ती कॅप मिळाली नाही.

ऑफिसात आपल्यासोबत जॉइन झालेला मित्र पुढे जाऊन बॉस होतो, तेव्हा पोटात जे होतं ना, ते आठवलं. आणि प्रत्येक पळालेल्या मुलाचा रामदास होत नाही, हेही तिथेच कळलं.

पण गंमत बघा. काकांनी ‘पुढे काय झालं’चा विषयच काढला नाही. त्यांच्या लेखी तो आकडा अजून नाबाद आहे!

परतताना घरी मीच फोन लावला. आईचा प्रश्न ठरलेला. या वेळी चिडले नाही. म्हटलं, “माहीत नाही गं. पण जेवायला येतेय.”

कसं जाल? जालन्याहून अंबड, घनसावंगीमार्गे रस्त्यानं. रामनवमीला गेलात तर उत्सवही बघायला मिळेल.