सुटे भाग

'सुटा भाग' हा शब्द मराठीत मोठ्या साधेपणाने वावरतो. मोटारदुरुस्तीच्या दुकानावरील पाटीवर तो असतो, शिवणयंत्राच्या टपरीत असतो, बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या भांडारातही तो होता. या साधेपणामुळेच त्यातील 'सुटणे' या क्रियेकडे सहसा लक्ष जात नाही. सुटा भाग यंत्रापासून अलग असतो, इतकेच नव्हे, तर ते यंत्र पुढे काय करील या प्रश्नापासूनही तो सुटलेला असतो. खिळ्याला पाप लागत नाही. तो घडविणारा, खोक्यात भरणारा, त्याच्या परवान्यावर सही करणारा, अशा साऱ्यांचीच सुटका मग त्या एका विशेषणात होऊन जाते. पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांसाठी आणि इस्राएलला होणारी शस्त्रविक्री थांबावी यासाठी अनेक देशांत चाललेल्या चळवळीचा खरा झगडा या सुटेपणाशी आहे.

एफ-३५ हे लढाऊ विमान कोणा एका देशाचे अपत्य नव्हे. त्याचे भाग निरनिराळ्या देशांत तयार होतात आणि सामायिक साठ्यांतून ते विमान बाळगणाऱ्या देशांना पुरविले जातात. असा एक साठा नेदरलँड्सच्या दक्षिणेस वून्सड्रेख्त येथे आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावर बॉम्बवर्षाव चालू असताना तेथून इस्राएलकडे भाग जातच राहिले. तेव्हा ऑक्सफॅम नोव्हिब, पॅक्स आणि द राइट्स फोरम या तीन संस्थांनी सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने मात्र सात दिवसांच्या आत ही निर्यात थांबवावी, असा हुकूम दिला. युद्धविषयक मानवतावादी कायद्याच्या गंभीर भंगाचा उघड धोका दिसत असेल, तर राजकीय वा आर्थिक हिताचे पारडे त्याहून जड मानता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता. सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठले. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या न्यायालयाने परवान्याचे मूल्यमापन हे सरकारचे काम होय, असे ठरविले. परंतु ते सहा आठवड्यांत नव्याने करावे आणि तोवर निर्यात बंदच राहावी, असेही बजावले.

याच प्रश्नाला ब्रिटनमध्ये निराळे उत्तर मिळाले. २ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील सरकारने सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास परवाने स्थगित केले. सामायिक साठ्यात जाणारे एफ-३५ चे भाग तेवढे त्यातून वगळले. अल-हक या पॅलेस्टिनी संस्थेने त्याला आव्हान दिले. ३० जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने हा निर्णय संसदेला आणि मतदारांना उत्तरदायी असलेल्या शासनाचा आहे, असे सांगून ते फेटाळले. साठा सामायिक झाला की दायित्वही सामायिक होते आणि जे सर्वांचे असते ते कोणाच्याच वाट्याला येत नाही, हा अनुभव गावच्या पाणवठ्याइतकाच जुना आहे.

न्यायालयात शस्त्र हे कागदाच्या रूपाने येते. गोदीत ते वजनाच्या रूपाने येते. मुंबईच्या गोदीला हे वजन ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळाही होता. धोक्याचा माल दर्शविणारे लाल निशाण मात्र जहाजावर नव्हते. आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. मालाचे खरे नाव लपविण्याची किंमत प्रथम गोदीवरचा माणूस मोजतो, हे त्या दुपारी सिद्ध झाले.

म्हणूनच कदाचित शस्त्रास्त्रांविरुद्धचा नकार अनेकदा गोदीतूनच उमटला. १९४५ मध्ये इंडोनेशियाचे नवजात स्वातंत्र्य चिरडण्यासाठी शस्त्रे नेणाऱ्या डच जहाजांवर ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी बहिष्कार घातला, तेव्हा सिडनीतील भारतीय खलाशीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. योरिस इव्हेन्स यांच्या 'इंडोनेशिया कॉलिंग' (१९४६) या चित्रपटाने तो प्रसंग जतन केला आहे. मे २०२१ मध्ये इटलीतील लिव्होर्नो बंदरात कामगारांनी इस्राएलकडे जाणारा शस्त्रसाठा जहाजावर चढविण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील ११ प्रमुख बंदरांमधील सुमारे ३,५०० कामगारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या जलवाहतूक कामगार महासंघाने तसाच निर्धार जाहीर केला.

भारतीय राज्यसंस्थेची वाट या काळात अधिक वळणावळणाची झाली. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत देणारा आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता देणारा हा देश. इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध त्याने १९९२ मध्ये जोडले आणि पुढे त्या संबंधांत शस्त्रव्यवहाराला मोठे स्थान मिळाले. इस्राएलला होणारी शस्त्रनिर्यात रोखावी, अशी याचिका निवृत्त अधिकारी, अभ्यासक आणि कार्यकर्ते यांनी केली, ती सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्रधोरण हा शासनाचा प्रांत होय आणि निर्यातदार कंपन्यांवर करारभंगाचा बोजा पडेल, ही कारणे त्यामागे होती. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रपुरवठा आवरण्याचे आवाहनही करणारा ठराव १२४ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला.

या चळवळीपुढील आक्षेप हलके नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५० च्या आसपास ओलीस नेली गेली. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या गणनेनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथील मृतांची संख्या ६७,००० वर गेली. एका बाजूचे मृत मोजताना दुसऱ्या बाजूचे विसरणारी सहानुभूतीही एक सुटा भागच ठरते. हक्कांची भाषा बोलणाऱ्याने ती अखंड बोलली पाहिजे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एक दार बंद केले तर माल दुसऱ्या दाराने जाईल, मग बंद करणाऱ्याच्या हाती रोजगार गमावण्याखेरीज काय उरले? हा प्रश्न हेगच्या न्यायालयात विचारला जातो तसाच तो गोदी कामगाराच्या घरी चुलीपाशीही विचारला जातो, आणि तेथे तो अधिक खरा असतो.

त्याचे उत्तर इतिहास सावकाश देतो. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकू नयेत, असे आवाहन सुरक्षा परिषदेने १९६३ मध्ये केले. ते सर्व राष्ट्रांवर बंधनकारक व्हायला १९७७ साल उजाडले. मधल्या चौदा वर्षांत माल दुसऱ्या दारांनी जातच होता. तरीही ज्यांनी आपले दार लावून घेतले, त्यांच्यामुळेच उरलेली दारे मोजता आली आणि ती कोणाची आहेत हेही सांगता आले.

चळवळीची मागणी जितकी मोठी वाटते, तितकीच ती मुळात साधी आहे. सुटे भाग जोडून पाहावेत, खोक्यावर त्याचे खरे नाव लिहावे, जहाजावर लाल निशाण चढवावे. त्यानंतर ते खोके उचलायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे. पण आत काय होते ते ठाऊक नव्हते, असे मग कोणालाही म्हणता येणार नाही.