झील धरणारे

लेखकाने लिहिणे थांबवले, तर दोन-चार वर्षांत कोणीतरी विचारतेच, 'अलीकडे काही वाचायला मिळाले नाही?' गाणाऱ्याचे तसे नसते. गायिका गप्प बसली तरी तिची जुनी तबकडी वाजत राहते, आणि ती गप्प आहे हे फारसे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोकणी गायिका लोर्ना कोर्देरो हिच्या बाबतीत असेच झाले. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिची गाणी गोव्याच्या घराघरांत पोहोचली. पुढे सुमारे दोन दशके ती मंचावरून दिसेनाशी झाली. आणि १९९५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. या वेळी एकटी. (लताबाईंना आपण जसे आपुलकीने 'लता' म्हणतो, तसेच गोवेकर हिला 'लोर्ना' म्हणतात. मीही तेच करतो.)

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे कोठून कळले, असे वाचक विचारतील. माजलगाव तालुक्यातल्या आमच्या धर्मग्रामात काही वर्षे एक गोवेकर फादर होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत 'हॅलो लोर्ना' ही ध्वनिफीत होती, आणि जुन्या गाण्यांची आणखी एक. संध्याकाळी वीज असली की वसतिगृहाच्या ओट्यावर ते टेपरेकॉर्डर ठेवत. कोकणी आम्हाला निम्मीशिम्मी कळे. 'बेबदो' म्हणजे दारुडा, हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे, असे फादरांनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "शब्द कुठूनबी येऊ द्या फादर, माणूस इथलाच हाय." तेव्हापासून ते गाणे आमच्या वस्तीचे झाले.

लोर्नाची कथा मडगावच्या ख्रिस पेरी यांच्यावाचून सांगता येत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत असत. त्या शिक्षणावर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईला गेले. दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणि रात्री चर्चगेटच्या आसपासच्या उपाहारगृहांत ते वाजवू लागले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्या पिढीतली नावे. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ या मंडळींनी घडवला. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच दिसली. ख्रिस पेरी यांचा बँड ॲस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये वाजत असे आणि लोर्ना तेथे गात असे. जॅझचा ठेका आणि कोकणी शब्द यांचा त्यांनी जो संसार मांडला, तसा त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता.

ती गाणी ऐकताना एक गोष्ट कानात भरते. लोर्ना ओळ म्हणते आणि ट्रम्पेट तिला उत्तर देतो. तो कधी चिडवतो, कधी समजूत काढतो, आणि कधी ओळ संपण्याआधीच मध्ये बोलतो. आमच्याकडच्या भजनात मुख्य गाणारा चरण टाकतो आणि मागचे झील धरतात, तसाच हा प्रकार. पण येथे झील धरणारा एकच होता, आणि गाणे त्यानेच रचलेले होते. सूर त्याचा, पट्टी त्याची, बँड त्याचा. तो बाजूला झाला तेव्हा गाणारीच्या हाती काय उरले असेल?

त्या दोघांचे नाते, त्यांच्यामधला करार, यांविषयी गोव्यात पुष्कळ बोलले गेले आहे. बार्ड्रॉय बार्रेटो यांच्या 'नाचों-या कुंपासार' या चित्रपटात ती कथा नावे बदलून आली, आणि २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. मला त्या चौकशीत शिरायचे नाही. ख्रिस पेरी २००२ मध्ये निवर्तले. माझा प्रश्न एवढाच आहे, की एका वादकाशी बांधला गेलेला आवाज त्याच्यावाचून उभा कसा राहिला?

१९९५ साली रॉनी मोन्सेरात या वादकाच्या पुढाकाराने तिची नवी ध्वनिफीत निघाली आणि गोव्यात तिचे कार्यक्रम होऊ लागले. आमच्या फादरांनी सुट्टीवर गेले असता असा एक कार्यक्रम उघड्या मैदानात ऐकला होता. ड्रम, विद्युत गिटार, भोवती प्रचंड ध्वनिवर्धक. ते सांगत, की तिने जुन्या गाण्याचा पहिला चरण उचलला आणि पुढचा मैदानानेच म्हटला. पोरांनी, त्यांच्या आयांनी, आखातातून सुट्टीवर आलेल्या पुरुषांनी. ती गप्प होती तेवढी वर्षे ही माणसे स्वयंपाकघरात आणि लग्नाच्या मांडवात तिची गाणी गातच होती. ट्रम्पेटची जागा दुसऱ्या ट्रम्पेटने भरली नाही. ती लोकांनी भरली. आवाज उतरला होता, जाडसर झाला होता. मला विचाराल तर 'हॅलो लोर्ना'मधला तो जाड आवाज तरुण लोर्नापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

मराठी माणसाला असल्या गाण्याचे वावडे आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या गावच्या जत्रेत 'डिस्को डान्सर'मधले 'कृष्णा धरती पे आजा तू' कर्णे फाटेपर्यंत वाजत असे. ते गाणारे नंदू भेंडे हे मराठीच. प्रभू येशूच्या अखेरच्या दिवसांवरच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक-संगीतिकेत, अलिक पदमसी यांच्या मुंबईतल्या प्रयोगात, यहूदाची भूमिका त्यांनीच केली होती. जत्रेत त्यावर नाचणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. असो.

हे सारे मला आठवले ते आमच्या आत्यामुळे.

आत्याचे यजमान पेटी वाजवत आणि ती ख्रिस्ती भजने गात असे. गेवराईपासून परळीपर्यंत त्या जोडीला बोलावणी येत. यजमान गेले, आत्या माहेरी आली, आणि पेटीला जे फडके गुंडाळले ते एकोणीस वर्षे निघाले नाही. कोणी आग्रह केला तर ती म्हणे, "पेटी कोण धरणार?" मध्यंतरी मंदिरात की-बोर्ड आला, तयार ठेके आले, मुले नवी गीते शिकली. आत्या शेवटच्या बाकावर बसे.

आमच्याकडे नाताळ म्हणजे अर्धे गाव रिकामे. दिवाळीच्या मागेपुढे कोयते ऊसतोडीला जातात; नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. होळीच्या सुमारास परत. त्या वर्षी की-बोर्ड वाजवणारा मुलगाही आई-बापाबरोबर कारखान्यावर गेला होता. मध्यरात्रीच्या मिस्साला म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच होती. गायला कोणी नाही, तेव्हा गीताचे शब्द नुसते वाचावेत, असे फादर म्हणाले.

आणि शेवटच्या बाकावरून आत्याने चरण उचलला.

पेटी नव्हती, ठेका नव्हता. यजमान पेटी काळी पाचमध्ये धरत असत. ती तिला पहिल्यापासून उंच पडे, हे तिने मला नंतर सांगितले. "त्यांच्या हाताला ती सोपी व्हती," एवढेच. त्या रात्री तिने आपल्या गळ्याला मानवेल तेथून सुरुवात केली, बरीच खालून. पहिल्या चरणानंतर ती क्षणभर थांबली. झील येईल की नाही, याची तिला खात्री नसावी. पण मागे राहिली होती ती सारी तिच्याच वयाची माणसे. दात नसलेल्या तोंडांनी झील आली, थोडी पुढेमागे, पण शब्द न चुकता. मुले माना वळवून बघत राहिली. हे गीत आपल्या आजी-आजोबांना येते, हे त्यांना त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते.

होळीनंतर कोयते परतले. कोणीतरी भ्रमणध्वनीवर केलेले ध्वनिमुद्रण त्या मुलाने ऐकले आणि की-बोर्डवर दोन दिवस खटपट करून पट्टी शोधली : काळी तीन. पुनरुत्थान सणाच्या तयारीला तो आत्याकडे आला. दोन चरण वाजवून म्हणाला, "आत्या, लई सावकाश होतंय."

"तुला घाई आसंल तर हो म्होरं," आत्या म्हणाली, "आम्ही येतोत मागून."

तो पुढे गेला नाही. आता तिचे भजन असले की तो तयार ठेक्याचे बटण बंद ठेवतो, आणि तिची ओळ संपेपर्यंत हात मांडीवर घेऊन बसतो.