नखांवरचा जांभळा रंग

सोलापूर,
श्रावणी सोमवार

प्रिय मनू,


परवा व्हिडिओ कॉलवर तू सहज विचारलंस, "आत्या, मी लहान असताना तुझी नखं कायम जांभळी असायची, ते काय होतं गं?" दादाला तुझ्याशी बोलायचं होतं, म्हणून मी "लॅबमधला रंग" एवढंच सांगून फोन त्याच्या हातात दिला. पण रात्रभर तेच डोक्यात. निवृत्त झाल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की आत्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. तिथे मी दिवसभर काय करत होते, ते आईलासुद्धा कधी नीट सांगितलं नाही. आता तुला सांगते, म्हणजे माझंही एकदा सांगून होईल.

तो रंग जेन्शन व्हायोलेट. तुझं तोंड आलं की आजी कापसाच्या बोळ्यानं जे जांभळं औषध लावायची आणि तू घरभर पळायचीस, तेच. लॅबमध्ये आम्ही त्याचं शुद्ध रूप वापरायचो, क्रिस्टल व्हायोलेट. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक असतात, रंग दिल्याशिवाय धड दिसत नाहीत. पण हा रंग लागतो सगळ्यांनाच. त्यातला कोण कुठल्या जातीचा, हे रंग चढवताना कळत नाही, उतरवताना कळतं. माझी सगळी नोकरी या एका गोष्टीवर झाली.

आणि ही गोष्ट तुझ्या बर्लिनमधली आहे, म्हणून तर मला राहवेना. 1884 साली हान्स क्रिस्टियन ग्राम नावाचा तिशीतला डॅनिश डॉक्टर तिथल्या फ्रीडरिक्सहाइनच्या रुग्णालयात, शवागारात काम करत होता. न्यूमोनियानं गेलेल्या माणसांच्या फुप्फुसांतले जंतू त्याला वेगळे उठून दिसायला हवे होते. त्यानं जांभळा रंग दिला, वर आयोडीन घातलं आणि अल्कोहोलनं धुतलं. फुप्फुसाच्या पेशींचा रंग गेला, जंतू जांभळेच राहिले. पण काही जंतूंचाही रंग गेला, विषमज्वराच्या जंतूंचा तर गेलाच. ग्रामला ती आपल्या पद्धतीतली उणीव वाटली. पद्धत अजून अपुरी आहे, असं त्यानं स्वतःच्या लेखात लिहून ठेवलं. ज्याला तो उणीव म्हणाला, त्यावरच पुढे जंतूंचे दोन मोठे वर्ग पडले आणि दोन्हींना नाव त्याचंच मिळालं. जांभळे राहतात ते ग्राम पॉझिटिव्ह. रंग सोडतात ते ग्राम निगेटिव्ह, त्यांना शेवटी सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग देतात. हा शेवटचा रंग ग्रामचा नाही, नंतरच्या लोकांनी घातला. ग्राम पुढे कोपनहेगनला औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला.

कारण जंतूच्या भिंतीत आहे. ज्यांची भिंत जाड, त्यांच्यात रंग आणि आयोडीन मिळून मोठा गठ्ठा होतो, अल्कोहोलनं भिंत आक्रसते आणि तो आत अडकतो. ज्यांची पातळ, त्यांना बाहेरून चरबीचा पदर असतो. अल्कोहोलनं तो विरघळतो आणि रंग वाहून जातो. म्हणून सगळी मेख धुण्यात. मला शिकवणारे वरिष्ठ टेक्निशियन अल्कोहोल ओतताना ओठांतल्या ओठांत अंक मोजायचे. त्या वेळी कुणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत, मोठे डॉक्टर आले तरी नाही. जास्त धुतलं की जांभळेही गुलाबी होतात, कमी धुतलं की गुलाबीही जांभळे राहतात, आणि औषध ठरतं त्यावर.

तुझ्या आजोबांनी माझी नखं पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "म्हणजे तूही रंगखात्यातच लागलीस." ते गिरणीच्या रंगखात्यात होते, हे तुला माहीत आहे का? त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे. त्यांचं बोलणं खरंच होतं, पण ते मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. 1856 साली लंडनमध्ये पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा दगडी कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून हिवतापाचं क्विनीन करायला गेला, निघाला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले, आणि कापडासाठी केलेले ते रंग डॉक्टरांनी उचलले. जंतू रंगवायची निळी मेथिलीन ब्ल्यूसुद्धा अशीच, रंगाच्या कारखान्यात 1876 साली तयार झालेली. आजोबा असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

पण माझ्या हातून जास्त गेल्या त्या क्षयाच्या स्लाइड. क्षयाच्या जंतूला मेणचट आवरण असतं, ग्रामचा रंग त्याला नीट लागत नाही. त्याचीही सुरुवात बर्लिनलाच. 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉखनं तिथे हा जंतू जाहीर केला. ऐकणाऱ्यांत पाउल एर्लिश होता, त्यानं लगेच रंगवण्याची पद्धत सुधारली. पुढे झील आणि नील्सन यांनी आणखी बदल केले, त्या दोघांच्या नावाची पद्धत आम्ही वापरायचो. लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग 25 टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, हा जंतू लालच राहतो. शेवटी निळा रंग.

बेडका स्लाइडवर पसरायला आमच्याकडे खराट्याची काडी असायची. तुला किळस येईल, पण त्यासाठी काडीसारखं साधन नाही. पसरलेला थर वाळला की स्लाइड वर्तमानपत्रावर धरायची. खालची अक्षरं वाचता आली म्हणजे थर बरोबर. आणि पाणी! सोलापूरच्या पाण्याचं तुला सांगायला नको, चार-चार दिवसांनी नळ. टाकीतल्या साठवलेल्या पाण्यात क्षयासारखेच रंगणारे निरुपद्रवी जंतू असू शकतात, त्यानं निरोग्याची स्लाइड पॉझिटिव्ह दिसायची. म्हणून धुवायचं पाणी मी स्वतः उकळून, गाळून, झाकून ठेवायची. वरच्या कार्यालयाकडे पाण्यासाठी किती अर्ज केले. जाऊ दे.

एक बाई आठवते. साल नक्की सांगता येणार नाही. रोग्याला समोर बसवून गोळ्या द्यायची डॉट्स पद्धत आमच्याकडे नवीन होती आणि गड्ड्याची जत्रा भरली होती. विड्या वळणारी होती, बोटांना तंबाखूचा वास. नवऱ्याची बेडक्याची डबी पदराखाली झाकून आणलेली. स्लाइड थ्री प्लस, म्हणजे एकेका फील्डमध्ये दहाच्या वर जंतू. मी रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहीत होते, ती टेबलापाशी उभीच. म्हणाली, "बाई, मला दावा की." असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी स्टूल ओढून तिला बसवलं. एक डोळा कसा मिटायचा ते तिला जमेना, म्हणून तिच्या डोळ्यावर माझा हात धरला. निळ्या जमिनीवर लाल बारीक काड्या, काही एकट्या, काही एकमेकींवर पडलेल्या. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढुशे हायेत व्हय? मग मरत्यात की." सहा महिने तिनं नवऱ्याला एक गोळी चुकवू दिली नाही. शेवटची स्लाइड मीच पाहिली, निगेटिव्ह. शंभर फील्ड पाहून झाल्यावरही मी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

आता सीबीनॅटचं यंत्र आलंय. दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला दाद देईल का, दोन्ही सांगतं. चांगलंच आहे, स्लाइडवर औषधाचं काही कळत नव्हतं. पण नव्या मुली यंत्रात नमुना घालून मोबाईल बघत बसतात, ते मला पाहवत नाही. औषध लागू पडतंय का हे बघायला स्लाइड अजून लागते, त्यांनी डोळा तयार ठेवला पाहिजे.

तूही मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितेस. "aahe", "nahi" असलं काहीतरी. मला वाचताना त्रास होतो. तुझी छोटी आता चार वर्षांची. तिच्याशी घरात मराठीत बोल. जर्मन ती शाळेत शिकेलच, तुझ्याशिवाय मराठी तिला कोण शिकवणार? तिच्या पणजोबांचे हात निळे का असायचे, हे तिला सांग. आणि थंडीत खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर अंगावर काढू नकोस, तपासून घे. तुझ्या आईलाही हेच सांगते, ती ऐकत नाही.

फ्रीडरिक्सहाइनचं ते रुग्णालय अजून आहे म्हणे. एखाद्या रविवारी छोटीला घेऊन जा आणि काय पाहिलंस ते मला हातानं, मराठीत, दोन पानं लिहून पाठव. फोटो नकोत.

तुझी,
आत्या